शिंगी भेदऱ्याचं बी

आंधळगावाकडे टोमॅटोला भेदरे म्हणतात, आणि भेदरे म्हटलं की रंभाबाईचं नाव निघतं. तसे भेदरे सगळ्यांच्याच सांदवाडीत होतात. घरामागे चार हात जागा असली की बाई तिथं काहीतरी लावतेच. पण ते बाजारातून आणलेल्या रोपांचे, गोल गरगरीत; चिरले की ताटभर पाणी. रंभाबाईचा भेदरा लांबुळका आणि टोकाशी किंचित वाकलेला, म्हणून त्याचं नाव शिंगी. आत नुसता गर, बी मोजकंच, विळी ओली होते न होते. थंडी सरता सरता ती हे भेदरे मोठ्या गंजात मीठ घालून आटवते, आटलेला गर उन्हात वाळवते आणि त्याचे गोळे करून बरणीत भरते. पावसाळ्यात तलावाची मासोळी घरात आली की बोराएवढा गोळा रश्शात सोडायचा. त्या रश्शापायी लोकांच्या घरचे पाहुणे मुक्काम वाढवतात.

हे बी दुकानात मिळत नाही. रंभाबाईला ते सासूकडून आलं, सासूला तिच्या सासूकडून. पिकलेल्या भेदऱ्याचं बी राखेत चोळायचं, शेणात कालवायचं आणि त्याची थापी स्वयंपाकघराच्या भिंतीला मारायची. पोळा झाला, दुसऱ्या दिवशी घरादारातली रोगराई घेऊन जाणारी नारबोद गावाबाहेर नेऊन टाकली, की थापी फोडून बी पेरायचं. असं वर्षानुवर्षं चालत आलेलं होतं आणि त्यात काही कठीण नव्हतं.

कठीण होता तो रिवाज. बी मागायला आलेल्या बाईला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. मागणारीनं पदर पसरायचा, देणारीनं मूठ सोडायची, आणि जिच्या पदरात बी पडलं तिनंच ते पेरायचं, दुसऱ्या हाताचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. हा रिवाज मोडायची गावात कुणाची छाती नव्हती. रंभाबाईची तर नव्हतीच, कारण रंभाबाईला लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं याची फार हौस होती.

तेव्हा ती बी द्यायची. हसतमुखानं द्यायची. फक्त देण्याआधी चुलीवर तवा ठेवायची. तवा इतकाच तापवायचा की बोटाला चटका बसेल पण बियाचा रंग बदलणार नाही. त्यावर बी पसरायचं, हातानं फिरवायचं, गार झालं की पुन्हा राखेत चोळून पुडी बांधायची. बी दिसायला जसंच्या तसं, आतून मेलेलं. मागणारी बाई पुडी कपाळाला लावून घेऊन जायची, वाफ्यात पेरायची, रोज पाणी घालायची आणि वाट बघत बसायची.

आता लगेच रंभाबाईला नावं ठेवायची घाई करू नका, आधी तिच्या डोक्याची करामत बघा. बी उगवलं नाही म्हणून कुणी बियाला दोष दिला नाही. तेच बी रंभाबाईकडे कसं रसरसून येतं! म्हणजे दोष हाताचा. शेजारची ललिताबाई तर दरवर्षी नेमानं पुडी न्यायची आणि दरवर्षी नेमानं येऊन सांगायची, "नाही उगवलं वो रंभाबाई. हे भेदरे तुमच्याच हातचे. तुमच्या हाताले गुण आहे, आमच्या हाताले नाही." रंभाबाई म्हणायची, "असं नको म्हणू बाई, पुढच्या साली उगवन." आणि तिला मनातून गुदगुल्या व्हायच्या. दिल्याचं पुण्य पदरात, आणि न उगवल्याची कीर्तीही पदरात. इतका चोख धंदा अड्याळच्या व्यापाऱ्यांनाही जमला नसता.

तिच्या नवऱ्यानं, भोजराजनं, तो तवा एकदा पाहिला होता. त्यानं विचारलं, "हे काय करून राहिली?" ती म्हणाली, "बियातली ओल काढून राहिली." भोजराज शेतकरी माणूस, ओल कशी काढतात ते त्याला ठाऊक होतं. पण बायकोशी वाद घालण्यापेक्षा बैलांपाशी जाऊन उभं राहणं त्याला नेहमीच सोपं वाटायचं. तो बैलांपाशी गेला.

त्यांना एकच लेक, रिता. सांदवाडीत रितानं लहानपणापासून पाणी घातलं, निंदण केलं, भेदरे तोडले. बी मात्र रंभाबाईनं तिच्या हातात कधी दिलं नाही. "पेरणं माहं काम," ती म्हणायची. पोरीला त्याचं काही वाटायचं नाही. तिला माय जे करते ते सगळं बरोबरच वाटायचं, आणि पुढे जे झालं ते याच्यामुळेच झालं.

रिताचं लग्न अड्याळला ठरलं. सासरी बाजारात किराणा दुकान, थोडी धानाची शेती, नवरा कुलदीप स्वभावानं मऊ. मऊ म्हणजे बायकोसाठी बाजारातून गरम भजी आणायचा आणि आईनं डोळे वटारले की ती भजी आईच्याच पुढ्यात ठेवायचा. आई म्हणजे सत्यभामाबाई. लग्नात जेवणाच्या पंगतीला तिनं शिंगी भेदऱ्याची चटणी चाखली, बोटं चाटली आणि साऱ्या बायकांदेखत म्हणाली, "इहीनबाई, पोरीसंगं बी धाडा. आता हे भेदरे आमच्या अड्याळचे होतीन. गोळे डब्यात भरून दुकानात ठेवू. लोक आंधळगावचं नाव विसरतीन."

ती थट्टेनं म्हणाली होती. बायका हसल्या, रंभाबाईही हसली. पण चटणीचं उरलेलं भांडं तिनं उचलून आत नेऊन ठेवलं. उभा जन्म ज्या नावावर काढला ते नाव ही किराणेवाली डब्यात भरून विकणार होती. पाठवणीच्या आधी रितानं पदर पसरला तेव्हा रंभाबाईनं पुडी तयारच ठेवली होती. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "माय, तुह्या हातचं बी माह्या घरी उगवलं का मले वाटन तू इथंच आहेस." रंभाबाईनंही डोळे पुसले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तिला लेकीची माया होती. फक्त त्याहून जास्त माया तिला दुसऱ्या एका गोष्टीची होती.

एका वर्षानं काय बिघडतं, असं तिनं स्वतःला समजावलं. पोरगी पेरेल, उगवणार नाही, विसरून जाईल.

पण रिता विसरणारी नव्हती. पहिल्या वर्षी वाफा कोरडाच राहिला तशी तिनं माहेरी येऊन पुन्हा पदर पसरला. दुसऱ्या वर्षीही वाफ्यात गवताशिवाय काही आलं नाही. तिसऱ्या वर्षीची पुडी तिनं देवापुढे ठेवली, उपास केला, मग पेरली. रंभाबाईनं तिसऱ्या वर्षीही तवा तापवला होता, कारण आता एकदम उगवलं तर मागच्या दोन वर्षांचं काय सांगायचं हा प्रश्न होता. एकदा या वाटेला लागलं की परतायला फार धीर लागतो, आणि तो रंभाबाईत नव्हता.

इकडे तीन वर्षांत रिताला मूल झालं नव्हतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी दोघांना तपासलं, दोघंही ठीक आहेत, धीर धरा म्हणाले. सत्यभामाबाईनं डॉक्टरांचं ऐकून घेतलं आणि घरी येऊन सांदवाडीतला रिकामा वाफा पाहिला. तिच्यासाठी खरा रिपोर्ट तो होता. तिनं रिताला मिरचीच्या रोपांना हात लावू दिला नाही. धानाच्या रोवण्याला बायका निघाल्या तेव्हा तिला घरी बसवलं. कुणाची ओटी भरायची असली की तिला हळूच मागच्या खोलीत पाठवलं. नारबोदीच्या सकाळी घरातला केरकचरा बाहेर काढताना सगळे ओरडतात तसं सत्यभामाबाईही ओरडली, "रोगराई घेऊन जाय गे नारबोद," आणि ओरडताना ती कचऱ्याकडे न बघता सुनेकडे बघत होती. अंगणातल्या बायकांनी ते पाहिलं. रितानंही पाहिलं, आणि तरी तिनं ती तिसरी पुडी त्याच दिवशी वाफ्यात पेरली.

आठवडा उलटून गेला. वाफा जसाच्या तसा होता. सत्यभामाबाईनं दुकानाची छोटी गाडी काढायला लावली, सुनेची पेटी गाडीत टाकली आणि तिला घेऊन आंधळगावात आली.

रंभाबाई ओसरीवर ललिताबाईबरोबर धान्य पाखडत बसली होती. गाडीतून आधी सत्यभामाबाई उतरली, मग पेटी, मग रिता. कुलदीप गाडीपाशीच मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहिला. भोजराज गोठ्याच्या दारात होता. पाणी दिलं, गूळ दिला. सत्यभामाबाईनं गुळाला हात लावला नाही.

"इहीनबाई, मी भांडाले नाही आली," ती म्हणाली. "तुमची पोरगी कामाची आहे, तोंडानं चांगली आहे. पण तिच्या हातानं काहीच उगवून नाही राहिलं. तीन साल मी वाफा पाहून राहिली. बी तुमच्या हातचं. मंग काहून नाही उगवत?"

रंभाबाईचे हात सुपावर थांबले. उत्तर मधे पडून ललिताबाईनं दिलं. तिला बिचारीला पोरीची कीव आली होती. "अवो, आमच्याही हातानं नाही उगवत. गावात कोणाच्याच नाही. हे भेदरे रंभाबाईचेच."

"तुम्ही परक्या आहात," सत्यभामाबाई म्हणाली. "तुमच्या हातानं नाही आलं तं समजते. हे पोटची पोरगी आहे. मायच्या हातचा गुण पोरीत उतरलाच पाहिजे. नाही उतरला म्हणजे पोरीतच खोट आहे. जे मातीत रुजवू शकत नाही, ते पोटात काय रुजवन?"

रिता पेटीजवळ उभी होती आणि मायकडे बघत होती. काहीतरी मिळेल अशा आशेनं बघत होती. रंभाबाईला ठाऊक होतं, एका वाक्याचं काम होतं. बी भाजलेलं होतं. एवढंच म्हणायचं. पोरीची पेटी पुन्हा गाडीत गेली असती. पण शेजारी ललिताबाई बसली होती, जिनं वर्षानुवर्षं पुड्या कपाळाला लावल्या होत्या. तिच्याकडून ते गावभर जायला संध्याकाळही लागली नसती. ज्या बायकांनी आजवर तिच्या हाताचं कौतुक केलं त्याच बायका तिच्या दारावरून जाताना थुंकल्या असत्या. गोठ्याच्या दारातून भोजराज बघत होता. रंभाबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"काय सांगू इहीनबाई," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच चांगला लागला, दुःखी आईचा वाटावा असा. "पोरीचा हात लहानपणापासून तसाच आहे. म्हणून तं मी तिच्या हातात कधी बी देल्लं नाही. विचारा तिले, देल्लं का मी कधी?"

सत्यभामाबाईनं रिताकडे पाहिलं. रिताची मान आधीच खाली गेली होती. "नाही देल्लं," ती म्हणाली. आजवर मायनं आपल्याला बी का दिलं नाही याचं उत्तर तिला त्या क्षणी मिळालं होतं, आणि मायनं ते इतकी वर्षं झाकून ठेवलं याबद्दल तिला उलट मायची माया वाटली.

सत्यभामाबाई उठली. पेटी ओसरीवरच राहिली. भोजराज बैलांकडे वळला आणि नसलेली गोचीड शोधत बसला.

जाताना कुलदीप पाणी पिण्याच्या निमित्तानं आत आला आणि रिताला हळूच म्हणाला, "इथं काही लाव. उगवलं का मले फोटो पाठव. मी आईले दाखवतो न तुले घ्याले येतो. तिले नाही म्हणता येणार नाही." रितानं मान हलवली. स्वयंपाकघरात चहाची भांडी विसळणाऱ्या रंभाबाईनं ते शब्द न् शब्द ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रितानं काय केलं, तर मायला न विचारता भिंतीवर उरलेली एक थापी फोडली. मागितलं तर माय माझ्या हातात देणार नाही, दिलं तर तिच्या जिवाला घोर लागेल, असा तिनं विचार केला. एका जुन्या घमेल्यात माती भरली, बी पेरलं आणि घमेलं धानाच्या तणसाच्या ढिगामागे ठेवलं. रोज सकाळी ती तिथं जाऊन ओंजळीनं पाणी शिंपडायची. अन्नपाण्याकडे तिचं लक्ष नसायचं. फोन आला तर ती लांब जाऊन कुलदीपला सांगायची, "अजून नाही. थोडं थांबा."

आणि एका सकाळी ते आलं. एक-दोन नाही, घमेलं भरून आलं. दोन-दोन पानांची हिरवी लव, कुठं कुठं अजून बियाचं टरफल डोक्यावर घेऊन उभी. रिता तिथंच खाली बसली. तिनं रोपांना हात लावला नाही, आधी स्वतःचे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. मग फोन काढून फोटो घेतला आणि घमेलं उचलून धावत अंगणात आली.

"माय," ती म्हणाली, "माय, पाह्य. माह्या हातानं उगवलं."

तीन वर्षांत पोरीचा असा चेहरा रंभाबाईनं पाहिला नव्हता. तिला क्षणभर बरंच वाटलं, कुठल्याही आईला वाटावं तसं. मग तिनं घमेल्यात पाहिलं. शिंगी भेदऱ्याची रोपं ती झोपेतही ओळखली असती.

"हे बी कुठचं?"

"भिंतीवरची थापी फोडली. न विचारता घेतलं, रागावू नको. मी तुह्या जावयाले फोटो पाठवून राहिली."

रंभाबाईचं डोकं किती झपाट्यानं चालायचं ते मी सांगितलंच आहे. फोटो अड्याळला जाईल. सत्यभामाबाई बघेल. बाई व्यापाऱ्याच्या घरातली, हिशोबाला पक्की. ती विचारेल, हात तोच, भिंतीवरचं बी उगवलं, मग पुडीतलंच का नाही उगवलं? तिथून ललिताबाईपर्यंत ते यायला किती वेळ? पोरीचं बोट फोनवर टेकलेलं होतं.

"थांब," रंभाबाई म्हणाली. तिनं घमेलं लेकीच्या हातून काढून घेतलं, खाली ठेवलं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुले सांगणार नव्हती मी. तू पेरलेलं केव्हाच कुजलं होतं बाई. मी तणसामागं गेली तं पाह्यलं. तू रोज जाऊन पाणी टाकून राहिली, माह्यानं पाहवलं नाही. म्हणून मी त्यातच दुसरं बी टाकलं, माह्या हातानं. हे माहं आहे."

रिता तिच्याकडे बघत राहिली. तिनं ओसरीवर बसलेल्या बापाकडे पाहिलं. "बाबा?"

भोजराजला सगळं कळलं होतं. त्याच्या तोंडात घास होता, तो त्यानं गिळला. "तुही माय म्हणते तं तसंच असन," तो म्हणाला आणि ताट सरकवून उठला.

रितानं फोनवरून बोट उचललं. फोटो पुसून टाकला. मग तिनं जे केलं ते रंभाबाईला जन्मभर पुरेल असं होतं. ती वाकली आणि मायच्या पाया पडली. "माह्यासाठी तू किती करतेस माय," ती म्हणाली. "मी तं त्यायले खोटाच फोटो पाठवला असता."

रंभाबाईला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, हे खरं आहे. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते सुटकेचं होतं, आणि ते जास्त मोठं होतं. तिनं लेकीला उठवलं आणि चहा टाकायला सांगितलं.

घमेल्यातली रोपं वीतभर झाली तशी ती वाफ्यात लावायची वेळ आली. त्या साली रोपं अशी जोमदार होती की ललिताबाई कुंपणावरून बघून बघून थकली. रंभाबाई वाफ्यात उकिडवी बसून एकेक रोप मातीत बसवत होती. रिता बाजूला पाण्याचा गडू घेऊन उभी होती. गडू ती मायच्या हाताशी ठेवायची आणि लगेच मागे व्हायची. मधेच फोन वाजला. कुलदीप होता. आईनं लाखनीची एक पोरगी सुचवली आहे, तो म्हणाला, आज तरी काही सांग. उगवलं का काही?

समोर सगळा वाफा हिरवागार होता. "नाही," रिता म्हणाली. "माह्या हातचं काहीच नाही." पलीकडून तो बरं म्हणाला. तिनं फोन पदराला पुसून कमरेला खोचला.

रंभाबाईनं ऐकलं. तिनं पुढचं रोप उचललं, मुळाशी माती दाबली.

ऊन वर आलं होतं. रितानं खाली पाहिलं आणि घाबरून विचारलं, "माय, माही सावली तं पडून नाही राहिली ना रोपावर?"

रंभाबाईनं मान वर केली नाही. "जराशी मागं सरक," ती म्हणाली.

रिता मागे सरकली.